कै. लेनर्ड टॉम्लिन यांचा नवा हंगाम

...आणि वर मलाच विचारते, "आपण त्यांचे कोण?" आता यावर माणसाने काय उत्तर द्यायचं? तुम्हीच सांगा! मी फोन कशाला केला होता, तर सोमवार उजाडला, हंगाम चार दिवसांवर आला, आणि माझं सभासदाचं कार्ड अजून आलेलं नाही, एवढंच विचारायला. काउंटी क्रिकेट क्लबच्या कचेरीत फोन लावला, पलीकडे फिलिपा. मी म्हटलं, लेनर्ड टॉम्लिन यांच्या कार्डाचं काय झालं? तर बाईने आवाज असा खाली आणला, चर्चमध्ये आणतात ना तसा, आणि म्हणते, "फार वाईट वाटलं हो आम्हाला सगळ्यांना. शांतपणे गेले ना?" म्हटलं, कोण? "टॉम्लिनसाहेब." म्हटलं, कुठे गेले? तर जपून जपून, "आपण त्यांचे कोण?"

मी म्हटलं, "बाई, मीच तो!"

हसताय? हसा. माझी बायको बेरिलसुद्धा हसली. पण मला सांगा, शुक्रवारी अकराला पहिला चेंडू पडणार, आणि मी सोमवारी मेलेला!

तुम्हाला सांगतो, मरणाबद्दल माझी तक्रार नाही. एकाहत्तर वय आहे, माणूस कधीतरी मरतोच, त्यात लाजायचं काय? पण काळवेळ आहे की नाही काही? मरायचं तर ऑक्टोबरात मरावं. ऑक्टोबर ते मार्च अख्खे सहा महिने मोकळे पडलेले असतात, कुणाची अडचण नाही, कुणाचा खोळंबा नाही. हंगामाच्या तोंडावर कसलं मरताय? गेली त्रेचाळीस वर्षं, लक्षात घ्या, त्रेचाळीस, आमच्या काउंटीच्या हंगामाचा पहिला चेंडू मी एकदाही चुकवलेला नाही. सख्ख्या भावाचं लग्न चुकवलं. दुसरंही चुकवलं. एक वर्ष गालाएवढी सुजलेली दाढ घेऊन बसलो. एक वर्ष बर्फ पडला, पहिला चेंडू पडला तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, तोवर बसून राहिलो! आणि यंदा काय, तर एका कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून मी घरी बसू?

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्या काउंटीत? काही नाही. अजिबात काही नाही. गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या विभागात तळातून दुसरे आलो. त्याच्या आधीच्या वर्षी तळातून पहिले. म्हणजे प्रगती आहे. पण एप्रिलच्या त्या पहिल्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला गुणतक्ता उघडून बघा... सगळ्यांना शून्य! आम्हाला शून्य, विजेत्यांना शून्य! अर्धा तास, पूर्ण अर्धा तास आम्ही सगळ्यांच्या बरोबरीने पहिले असतो. त्या अर्ध्या तासासाठी माणूस सहा महिने तग धरतो हो. नोव्हेंबरात सामन्यांची यादी आली की कोठीच्या दाराला चिकटवायची, जाता येता वाचायची. फेब्रुवारीत पेन्सिली. मार्चमध्ये सराव. खेळाडू सरावाला गरम देशांत जातात, मी मागच्या अंगणात जातो. लाकडी खुर्ची, गुडघ्यावर घोंगडी, थर्मासमध्ये चहा, अंडं घातलेली सँडविचं, आणि वाऱ्याकडे तोंड करून सलग दोन तास काहीही न करता बसायचं. हसू नका, सराव नसेल तर एप्रिलात पाठ धरते! बेरिल स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते, "लेन, काय झालं रे?" मी म्हणतो, "काही नाही." ती म्हणते, "मग खेळ अगदी तुमच्या काउंटीसारखाच चाललाय."

तर मी मेलो कसा, ते ऐका.

त्रेचाळीस वर्षं डिसेंबरात कागदी फॉर्म येतो. नाव, पत्ता, सही, पाकिटात घाल, पेटीत टाक. यंदा फॉर्म नाही. यंदा म्हणे फोनवर काहीतरी उतरवून घ्या, त्यात आपला चेहरा दाखवा, हिरवी खूण आली की झालं. मी पत्र लिहिलं. स्वच्छ अक्षरात, दोन पानं. कागदी फॉर्म पाठवा, म्हटलं, चेहरा पाहिजे तर एप्रिलमध्ये घेऊन येतो. उत्तर नाही. मीही म्हटलं, बघू कोण आधी वाकतं! मी वाट बघतोय त्यांची, ते वाट बघतायत माझी, आणि एकतीस जानेवारीला मुदत संपली.

आता दुसऱ्या कुठल्याही क्लबात एखाद्याने सभासदत्व पुढे चालवलं नाही तर लोक काय म्हणतील? कंटाळला असेल. गाव सोडलं असेल. भांडला असेल. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे चाळीस वर्षांचा सभासद फॉर्म भरत नाही म्हणजे एकच अर्थ, तो गेला. दुसरं कारणच आजवर घडलेलं नाही! तरी फिलिपा तशी कामाची काटेकोर. तिने खात्री करून घेतली. कुणाकडून? सिरिल हॉबडेकडून.

सिरिल माझ्या शेजारी बसतो. मैदानाच्या चर्चकडच्या टोकाला, गोलंदाजाच्या बरोबर मागे, सात नंबरचा बाक. एकतीस वर्षं तो डावीकडे, मी उजवीकडे. धावांची वही त्याच्या मांडीवर, पेन्सिल माझी. तुम्हाला वाटेल, केवढी दोस्ती! अहो, मला त्याचं घर माहीत नाही. त्याला माझं माहीत नाही. त्याला बायको आहे की नाही ते मी विचारलेलं नाही, विचारणार कसं? माणसाने सांगितलं नाही तर विचारायचं नसतं. सप्टेंबरात शेवटचा चेंडू पडला की आम्ही उठतो, तो म्हणतो, "बरं, मग." मी म्हणतो, "बरं, मग." संपलं. एकदम एप्रिल. फिलिपाने फोन करून विचारलं, टॉम्लिनसाहेबांचं यंदाचं नूतनीकरण आलं नाही, काही कळलंय का? तर हा पठ्ठ्या म्हणाला, "नूतनीकरण नाही? मग गेलाच तो." चौकशी नाही, शंका नाही! आणि क्लबने बेरिलच्या सांत्वनाचं पत्र पाठवलं, नाही असं नाही. ईमेलने. माझ्या ईमेलवर! पुतण्याने कधीतरी काढून दिलेला पत्ता, मी जिवंतपणी उघडला नाही, तो मेल्यावर उघडीन असं यांना वाटलं.

असो. बुधवारी सकाळी पासपोर्ट घेतला, गॅसचं बिल घेतलं, वाचनालयाचं कार्ड घेतलं, आणि क्लबच्या कचेरीत उभा राहिलो. म्हटलं, फिलिपा, हात लावून बघ, गरम आहे. ती बिचारी रडवेली. "टॉम्लिनसाहेब, मला दिसतंय हो तुम्ही आहात! पण 'दिवंगत' वर एकदा खूण केली की नाव गोठतं. ते काढायला समितीचा ठराव लागतो."

"मग कर ठराव."

"समिती ऑक्टोबरात बसते."

"मग मला नवा सभासद करून घे."

तिने नाव घातलं, जन्मतारीख घातली. कॉम्प्युटर म्हणाला, या नावाचा, या तारखेचा गृहस्थ आहे, पण तो वारलाय. मी म्हटलं, बरं, एक दिवसाचं तिकीट दे. ती म्हणाली, देते, पण त्या तिकिटावर समोरच्या उघड्या पायऱ्यांवर बसायचं. सभासदांच्या बाकांवर सोडत नाहीत. उघड्या पायऱ्यांवर! आडव्या कोनातून! तिथून चेंडू वळला की फलंदाजच वेडा आहे हे कळत नाही हो! मी म्हटलं, फिलिपा, शुक्रवारी अकराला पहिला चेंडू आहे, आणि मी तो माझ्या बाकावरून बघणार. तर तिचा चेहरा आणखी उतरला.

"तुम्ही अजून बाक बघितलाच नाही का?"

गेलो बघायला. आमच्याकडे रीत आहे, जुना सभासद गेला की तो बसायचा त्या बाकाला पितळी पाटी लावतात. चर्चच्या टोकाला तर बाकांपेक्षा पाट्या जास्त झाल्यात, पाठ टेकली की कुणीतरी टोचतंच. आणि माझ्या बाकावर, उजव्या अंगाला, नवी कोरी, चकचकीत... 'लेनर्ड टॉम्लिन. त्रेचाळीस हंगाम येथे बसून त्यांनी सोसले.'

खेळाचा आनंद घेतला नाही, प्रेम केलं नाही... सोसले! आणि तुम्हाला सांगतो, मी ती पाटी बाहीने पुसून पुन्हा वाचली. कारण शब्द अगदी अचूक होता.

तेवढ्यात पाठीमागे काठीचा आवाज. सिरिल! दर बुधवारी रोलर फिरताना बघायला येतो. आता विचार करा, ज्या माणसाला तुम्ही दोन महिन्यांपूर्वी मनाने पुरलं, तो स्वतःच्या पाटीपुढे उभा दिसला तर तुम्ही काय कराल? किंचाळाल! मिठी माराल! सिरिल माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. खेळपट्टीकडे बघत म्हणाला, "लेन."

म्हटलं, "सिरिल."

"हिरवी ठेवलीय यंदा."

"हं. दिसतंय."

रोलर तिकडे गेला, इकडे आला. मग हा म्हणतो, "तू गेलास असं कळलं होतं."

"नाही गेलो."

"बरं." परत रोलर गेला, परत आला. "फॉर्म नव्हता ना आला तुझा."

"कागदी नव्हता, म्हणून भरला नाही."

"असं होय." आणि मग खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, खूप वेळ शिंकरत राहिला, आणि म्हणाला, "वारा आहे आज." वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. मग म्हणाला, "पाटीचा मजकूर माझा आहे. शुक्रवारी पहिल्या चेंडूआधी एक मिनिट शांतता आहे. हिवाळ्यात गेलेल्या चौघांसाठी. तुझं नाव तिसरं." मी म्हटलं, खोडायला सांग! तो म्हणाला, धावपत्रकांवर नावं छापून झाली.

म्हणजे बघा! शुक्रवारी अकराला पहिला चेंडू पडणार नाही. अकरा वाजून एक मिनिटाला पडणार. आणि उशीर कुणामुळे? माझ्यामुळे!

घरी आलो, कपाटातून क्लबची जुनी नियमावली काढली. आयुष्यभर कचेरीत नोकरी करून मी दुसरं केलंय काय? नियम वाचलेत. आणि अनुभव असा आहे की दार बंद करणारा नियम पहिल्या पानावर असतो, आणि उघडणारा शेवटून तिसऱ्या. सापडला! 'ज्या सभासदाच्या स्मरणार्थ बाकास पाटी लावली असेल, त्याच्या विधवेस सदर बाकावर हयातभर विनामूल्य प्रवेश राहील, व तिजसोबत एक पाहुणा नेता येईल. पाहुण्याची चौकशी करू नये.' चौकशी करू नये! हा नियम ज्याने लिहिला त्याला माणसं कळत होती.

बेरिल वाटाणे सोलत होती. म्हटलं, "बेरिल, शुक्रवारी माझ्याबरोबर मॅचला येतेस?"

"मेले तरी येणार नाही."

"तू मरायची गरज नाही, ते माझ्याकडे लागलंय. तू फक्त विधवा हो."

तिने नियम वाचला. चष्मा काढला. "आणि विधवा व्हायचं म्हणजे करायचं काय?"

"काही नाही. काळी टोपी घालायची आणि जरा उदास दिसायचं."

"लेन," ती म्हणाली, "गेली त्रेचाळीस वर्षं एप्रिल ते सप्टेंबर मी विधवाच आहे. निदान आता कागदावर तरी येईल."

शुक्रवार! काय सांगू तुम्हाला... हवा अशी, की नाकाला शेंडा आहे हे कळत नव्हतं. आभाळ मळक्या चादरीसारखं. म्हणजे अगदी उत्तम! दाराशी तिकिटं तपासणारा होरेस, वीस वर्षांची ओळख. बेरिलने गुरुवारी फिलिपाकडून करून आणलेला विधवेचा पास पुढे केला, मान खाली घातली. आणि काय अभिनय हो! मी गेलो तर खरोखर इतकी चांगली रडेल की नाही, शंका आहे. होरेसने टोपी काढली. "फार भला माणूस होता, बाईसाहेब. जरा किरकिरा होता, पण भला." मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो नियमावलीचा माणूस. चौकशी करू नये! हलक्या आवाजात म्हणाला, "पाहुण्यांनी डावीकडून जावं. पायऱ्या ओल्या आहेत, टॉम्लिनसाहेब."

सात नंबरचा बाक. सिरिल डावीकडे, मी मध्ये, बेरिल उजवीकडे, आणि तिच्या पाठीशी माझी पाटी. अकरा वाजले. खेळाडू रांगेत उभे. ध्वनिक्षेपकावर नावं. एक, दोन... "श्रीयुत लेनर्ड टॉम्लिन." आणि तुम्हाला सांगतो, सगळं मैदान उठून उभं राहिलं. एकशे बारा माणसं आणि दोन कुत्री. मी मोजली, वेळ होता. आयुष्यात कुणी माझ्यासाठी उठून उभं राहिलं नव्हतं, बसमध्येसुद्धा नाही! आता आपल्याच नावासाठी उभं राहावं की बसून राहावं? उभा राहिलो. टोपी काढली. इतरांना वाईट वाटत होतं, मग आपण एकट्यानेच का सुटायचं?

आणि मग चेंडू! आमचा नवा गोलंदाज, ताडमाड पोरगा, स्वेटरवर स्वेटर घातलेला, लांबून धावत आला. मी श्वास रोखला. सिरिलने पेन्सिल टेकवली. चेंडू पडला, किंचित आत आला, आणि खाट्! मधला स्टंप गेला, गोलांट्या घेत गेला यष्टिरक्षकाच्या पायाशी! पहिल्या चेंडूवर! आमच्या काउंटीने! टाळ्या वाजवायच्या की माफी मागायची, कुणाला कळेना. सवयच नाही ना! त्रेचाळीस वर्षांत मी जागचा हललो नव्हतो, पण त्या दिवशी बाकावर चढलो, घोंगडी फिरवली, आणि ओरडलो की चर्चवरचे कावळे उडाले! मागच्या रांगेत कुणीतरी हळहळलं, "टॉम्लिन वरून बघत असेल हो." मी वळलो. म्हटलं, "वरून नाही. वरून पायचीत कळत नाही. मागूनच बघतोय!" मग काय झालं असेल? एकशे अकरा माणसं दुसऱ्यांदा उभी राहिली. एकाच सकाळी, एकाच माणसासाठी, एकदा गेला म्हणून आणि एकदा आहे म्हणून! सिरिल उठला नाही. तो वहीत विकेट लिहीत होता. पण त्याने ती चुकून धावांच्या रकान्यात लिहिली. एकतीस वर्षांतली पहिली चूक. मी खोडरबर दिला.

बेरिलने माझी बाही ओढली. "झालं? संपलं?"

"नाही गं, चार दिवस आहे."

"आणि तो बाद झालेला आता घरी जाणार?"

"छे. दुसऱ्या डावात परत येणार."

"म्हणजे तुझ्यासारखाच," ती म्हणाली, आणि सँडविचचा डबा उघडला.

जेवणापर्यंत पाहुण्या संघाचे पाच गडी गेले, एकसष्ट धावांत! बेरिल येईल त्याचं सांत्वन घेत होती, सँडविचं देत होती. जो तो येतो, मला डोळा मारतो, तिच्यापुढे टोपी काढतो, "बाईसाहेब, काही लागलं तर सांगा." चार वाजता अंधारून आलं, खेळ थांबला, आणि सगळे चहाला गेले तरी ही बसलेली. सिरिलला विचारते, "यानंतरची कधी?" सिरिल म्हणतो, "पुढच्या शुक्रवारी." त्याने तिला पेन्सिल दिली. माझी पेन्सिल!

मंगळवारी फिलिपाचा फोन आला. तातडीची सभा बोलावून मला जिवंत करता येईल म्हणाली, फक्त बेरिलने सही करून पास परत करायचा. फॉर्मही पाठवला. कागदी! जिंकलो म्हणा ना, सपशेल जिंकलो. मी फॉर्म घेऊन बेरिलपुढे ठेवला. ती कोठीच्या दाराशी उभी होती, सामन्यांच्या यादीवर खुणा करत.

"पास परत करू? कशाला?" म्हणाली. "नेईन की तुला पाहुणा म्हणून. पण शुक्रवारसारखा आरडाओरडा नको हं, लेन. गेलेल्या माणसाने जरा गप्प बसावं."